डेल्फिना आणि कारखान्यासमोरची खाणावळ

डेल्फिनाचं लग्न लागलं तेव्हा तिचा नवरा ऑस्ट्रेलियात ऊस तोडत होता. गावच्या चर्चमध्ये तिच्या शेजारी उभा राहिला तो दीर. सगळं रीतसर होतं. एवाझिओ पात्रुक्कोने तिकडून मुखत्यारपत्र पाठवलं होतं आणि त्याच्या वतीने धाकट्या भावाने, सेकोंदोने, पाद्र्यासमोर ‘हो’ म्हणायचं होतं. पण सेकोंदो इतका घाबरला, की पाद्र्याने नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा त्याने स्वतःचंच सांगून टाकलं. चर्चभर हशा पिकला. पाद्री चष्म्यावरून बघत म्हणाला, “नीट आठव रे बाबा, नाहीतर ही तुझ्याच गळ्यात पडायची.”

पुढे दोघं एकाच बोटीने निघाले. बोटीवरच्या बायका डेल्फिनाला विचारायच्या, “हा तुमचा नवरा का?” आणि ती सांगायची, “नाही, लग्नात उभा राहिलेला.” त्या बायका मग गप्प बसायच्या. सेकोंदोला या उत्तराची इतकी मजा वाटायची, की तो मुद्दाम नवी बाई गाठून तिला डेल्फिनाकडे पाठवायचा.

धक्क्यावर एवाझिओ उभा होता. फोटोत होता त्याहून काळवंडलेला आणि वाळलेला. तो आधी भावाच्या गळ्यात पडला आणि लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसले, हात विजारीला पुसला आणि तो बायकोपुढे केला.

“प्रवास बरा झाला ना?”

“झाला. तुमचे भाऊ होते सोबत.”

तिने त्याला वर्षभर ‘तुम्ही’च म्हटलं. एक दिवस त्याने उकळत्या पाण्याचं पातेलं स्वतःच्या पायावर पाडलं आणि ती ओरडली, “डोळे कुठे ठेवले होतेस तुझे?” तेव्हापासून तो ‘तू’ झाला.

कॅरिगन हे नदीकाठचं गाव. चहूकडे ऊस, मधोमध साखर कारखाना. हंगामात तोडणीआधी फड पेटवले की आख्ख्या गावावर काळी कुसळं उडायची आणि वाळत घातलेल्या चादरींवर येऊन बसायची. तोडणीच्या टोळ्यांमध्ये निम्मी माणसं मोनफेर्रातोच्या टेकड्यांवरची, म्हणजे पात्रुक्कोंच्याच मुलखातली. एवाझिओ सुरुवातीला चिकिन नावाच्या मुकादमाच्या टोळीत होता. नवखा, भाषा येत नाही, हाताला फोड आलेले, अशा वेळी चिकिननेच त्याला आपल्या खोलीत जागा दिली आणि कोयता धरायला शिकवलं. त्याच टोळीचा स्वयंपाकी एकदा तापाने आडवा झाला म्हणून एवाझिओ चुलीपुढे बसला. त्या रात्री जेवून उठल्यावर कोणीच त्याला परत कोयता हातात घेऊ दिला नाही.

डेल्फिना आली त्याच्या दुसऱ्या वर्षी दोघा भावांनी कारखान्याच्या फाटकासमोरचं एक बंद पडलेलं दुकान भाड्याने घेतलं. पत्र्याचं छप्पर, लांब बाकं, मागे चूल. नाव वगैरे काही दिलं नाही. लोक ‘पात्रुक्कोंकडे’ म्हणायचे. आठवडाभर सेकोंदो चिकिनच्या टोळीत ऊस तोडायचा आणि रविवारी पांढरा सदरा घालून वाढायला उभा राहायचा. एवाझिओ स्वयंपाकघरातून बाहेर यायचा नाही. डेल्फिना पीठ मळायची, भाज्या निवडायची, आणि सगळी खरेदी तीच करायची. त्यामुळे इंग्रजी तिला आलं. एवाझिओला ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘नो मोअर’ यापलीकडे काही येत नव्हतं, आणि त्याला त्याची खंतही नव्हती.

रविवारी तोडकरी अंग घासून यायचे, पण कानामागची काजळी काही जायची नाही. टेबलावरचं कापड काळं व्हायचं, ते सोमवारी डेल्फिना उकळून धुवायची. एवाझिओ मक्याच्या पिठाचं घट्ट पोलेंता मोठ्या लाकडी फळीवर ओतायचा आणि दोऱ्याने कापायचा. सोबत उकडलेलं मांस आणि हिरवी चटणी. पहिला घास घेतल्यावर माणसं बोलायची थांबायची. मग कोणीतरी म्हणायचं, “माझी आई याहून चांगलं करायची,” आणि आतून एवाझिओचा आवाज यायचा, “तर मग जा की आईकडे, बोट उद्याच आहे.”

मूल झालं नाही. डॉक्टरने दोघांना तपासलं आणि खांदे उडवले. त्याबद्दल नवरा-बायको कधी बोलले नाहीत. डेल्फिनाच्या मनात असायचं की एकदा बोलावं, पण एवाझिओ कधी रिकामा बसायचाच नाही, आणि काम करणाऱ्या माणसाच्या पाठीकडे बघत असलं काही बोलता येत नाही.

मग यंत्र आलं. एका मोठ्या शेतकऱ्याने ऊस तोडायचं यंत्र आणलं म्हणून सगळा गाव बघायला गेला. यंत्राने दोन सऱ्या तोडल्या, अर्धी कांडी चिखलात पुरली आणि मग खोकून बंद पडलं. तोडकरी पोट धरून हसले. चिकिन म्हणाला, “आमच्या आजीला तोंडात दोनच दात होते, पण तिने याहून बरं तोडलं असतं.” त्या रविवारी खाणावळीत दुसरा विषय नव्हता. एवाझिओही झारा हातात घेऊन दारात आला आणि हसला.

पुढच्या एक-दोन हंगामांत यंत्र बंद पडायचं थांबलं. टोळ्या कमी होत गेल्या. माणसं दक्षिणेला द्राक्षं तोडायला गेली, कोणी तंबाखूच्या शेतात गेली, कोणी शहरात कारखान्यांत लागली. रविवारी बाकं मोकळी दिसू लागली. एवाझिओ आपल्या अंदाजानेच पीठ घालत राहिला आणि उरलेलं पोलेंता ते तिघं आठवडाभर तळून खायचे.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडाला, डेल्फिना चादरी वाळत घालत असताना सेकोंदो तिच्याजवळ आला.

“वहिनी, मला यंत्र चालवायला बोलावलंय. पगार बारा महिने.”

“कोणी?”

त्याने नाव सांगितलं. तिच्या हातातला चिमटा खाली पडला. गेली कित्येक वर्षं त्या स्कॉटिश शेतकऱ्याचा फड चिकिनची टोळी तोडत होती.

“तो चिकिनचा फड आहे, सेकोंदो.”

“मी नाही म्हटलं तर दुसरा कोणी चालवेल. ऊस तर तुटणारच. वहिनी, दादाला तू सांगशील?”

“मी का सांगू? तुला तोंड नाही?”

“आहे म्हणून तर. मी तोंड उघडलं की भांडण होतं.”

डेल्फिनाने ठरवलं की जेवण झाल्यावर सांगू. जेवण झालं, एवाझिओ भांडी घासायला लागला. उद्या सांगू म्हटलं. उद्याही तसंच गेलं. ती रोज शब्द जुळवायची आणि रोज मोडायची. शेवटी रविवार आला आणि तिच्यावाचूनच ते सगळं उघड झालं.

त्या दिवशी चिकिनची टोळी आली ती न बोलता बसली. टोळीत आता सगळे पन्नाशीच्या पुढचे, चिकिन तर साठीचा. एवाझिओने आतून विचारलं, “काय रे, आज आईची आठवण नाही?” कोणी हसलं नाही. तेव्हा तो बाहेर आला.

“आमचा फड गेला,” चिकिन म्हणाला. “यंत्राला दिला.”

“त्या स्कॉट्याने?”

“त्यानेच. माणूस भला आहे. वाईट वाटलं त्याला, सांगताना टोपी काढली.”

त्याच वेळी सेकोंदो आत आला. पांढरा सदरा घालायला त्याला वेळ मिळाला नव्हता. अंगावर डिझेल आणि काजळी. यंत्र पहिल्यांदा फडात घालून बघून तो आला होता. टोळीतल्या माणसांनी त्याच्याकडे बघितलं आणि नजरा खाली वळवल्या. त्यांना ठाऊक होतं. एवाझिओने भावाच्या हातांकडे बघितलं, मग चिकिनकडे, मग डेल्फिनाकडे.

“तुला माहीत होतं?” त्याने तिला विचारलं.

डेल्फिनाने ओले हात एप्रनला पुसले.

“बसू दे त्याला,” चिकिन म्हणाला. “पोराचा काय दोष? भुकेला आहे.”

डेल्फिनाला वाटलं, आता काहीतरी केलं पाहिजे. तिने आतून ताट भरून आणलं आणि सेकोंदोपुढे ठेवायला वाकली. एवाझिओने ते तिच्या हातातून काढून घेतलं. हिसकावलं नाही, हळूच घेतलं, जसं मुलाच्या हातातून सुरी काढून घेतात.

“इथे कोयता धरणारी माणसं जेवतात,” तो भावाला म्हणाला. “तुझं यंत्र काय खातं मला माहीत नाही.”

सेकोंदो उभाच राहिला. त्याचा चेहरा चर्चमधल्यासारखा झाला होता, नाव चुकलेल्या माणसाचा. मग तो वळला आणि गेला. डेल्फिना रिकाम्या हातांनी दोन बाकांच्या मधे उभी होती. चिकिनने चमचा खाली ठेवला. “एवाझिओ, हे तू माझ्यासाठी केलंस? मी काय सांगितलं होतं?” पण एवाझिओ आत गेला होता आणि भांड्यांचा आवाज येत होता.

सेकोंदोने गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. डेल्फिना खरेदीला जायची तेव्हा त्याला डब्यात जेवण द्यायची. एवाझिओ विचारायचा नाही आणि ती सांगायची नाही. पण डबा भरायला गेली की पातेल्यात नेमकं एका माणसाचं जास्त असायचं.

चिकिनची टोळी हंगाम संपायच्या आत फुटली. चिकिन एकटाच राहिला, कारखान्याच्या आवारात झाडलोट करायला. रविवारी मात्र यायचा. कधीकधी तो एकटाच गिऱ्हाईक असायचा. एवाझिओ त्याच्यासाठीही सगळं साग्रसंगीत करायचा, मोठी फळी काढून, दोऱ्याने कापून.

एक दिवस डेल्फिना खाटकाकडे गेली आणि मांस कमी मागितलं. खाटीक डूलन हा थोराड आयरिश, सगळ्या गावाची खबर ठेवणारा. तो म्हणाला, “कमी कशाला? तुझ्या दिराने सांगितलंय, नेहमीएवढं द्यायचं आणि हिशेब त्याच्याकडे.” डेल्फिना तशीच सेकोंदोच्या खोलीवर गेली.

“हे काय चालवलंयस?”

“दादाला सांगू नकोस.”

“अरे, पण कळेल त्याला! कधी ना कधी कळेलच.”

“मग तू सांग, काय करू?” सेकोंदो खाटेच्या कडेला बसला होता. उभा-आडवा वाढलेला माणूस, पण खांदे पडलेले. “खाणावळ बंद पडली तर तो काय करेल? त्याला दुसरं काही येतं? मी यंत्र चालवतो म्हणून मी वाईट. चालेल. पण त्याची चूल पेटलेली राहू दे.”

“त्याला हे आवडणार नाही.”

“मला माहीत नाही का?”

डेल्फिना घरी आली. तिने मांस धुऊन कापायला घेतलं. एवाझिओ मागून आला, एक तुकडा बोटांनी दाबून बघितला आणि खूश होऊन म्हणाला, “डूलन माणूस बरा आहे. गिऱ्हाईक नाही तरी माल चांगला देतो. या गावात अजून माणुसकी आहे.” डेल्फिनाने मान हलवली. सुरी चालतच राहिली. तिला वाटलं, आत्ता सांगावं. पण सांगितलं तर चूल विझेल, आणि नाही सांगितलं तर हा माणूस रोज एका खोट्यावर पातेलं चढवत राहील. दोन्हीकडून सुटका नव्हती. असं पावसाळाभर चाललं, आणि पुढच्या हंगामातही.

मग एका रविवारी स्वतः डूलन जेवायला आला. बायकोला घेऊन, टाय लावून. गावातला इंग्रजी बोलणारा माणूस जेवायला आला असं पहिल्यांदाच घडत होतं. एवाझिओ इतका हरखला, की त्याने नवं कापड काढायला लावलं आणि चिकिनला म्हणाला, “पाय खाली घे, पाहुणे आलेत.” डूलन पोटभर जेवला. हिरवी चटणी त्याने पावाने पुसून खाल्ली. मग त्याने हात हलवून एवाझिओला बाहेर बोलावलं, उठून त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ बोलला. एवाझिओ मान डोलवत होता. बोलणं संपलं तेव्हा तो डेल्फिनाकडे वळला.

“काय म्हणाला?”

डूलन म्हणाला होता, की माझं मांस एवढं चांगलं लागतं हे मला आज कळलं. आणि तुझ्या भावासारखा भाऊ ज्याला आहे त्याने देवाचे आभार मानावेत, कारण इतकी वर्षं दुकान चालवतोय, पण दुसऱ्याच्या चुलीसाठी असा न चुकता येऊन पैसे देणारा माणूस मी पाहिला नाही.

डेल्फिनाच्या हातात रिकाम्या बश्या होत्या. ती म्हणाली, “म्हणतोय, जेवण फार छान होतं. मांसही छान शिजलं होतं.”

“आणखी?”

“एवढंच.”

“डेल्फिना,” एवाझिओ हळूच म्हणाला, “‘ब्रदर’ म्हणजे काय, तेवढं मला कळतं.”

डूलन दोघांकडे बघत हसत होता. चिकिनने खिडकीबाहेर तोंड वळवलं. डेल्फिनाने मग सगळं सांगितलं. हळू आवाजात, शब्दाला शब्द लावून. काही सोडलं नाही, काही जोडलं नाही. एवाझिओने ऐकून घेतलं. मग तो डूलनकडे वळून म्हणाला, “थँक यू.” हा शब्द त्याला येत होता हे डेल्फिनाला माहीत नव्हतं.

त्याने पाहुण्यांना फळं वाढली. कॉफी दिली. दारापर्यंत पोचवलं. चिकिनला उरलेलं बांधून दिलं. मग चूल थंड होऊ दिली, तिची राख काढली आणि लोखंड घासून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फिना उठली तेव्हा तो अंगणात बसला होता. चूल पेटवलेली नव्हती. तिने काड्यापेटी घेतली.

“राहू दे,” तो म्हणाला.

“एवाझिओ, ऐक. मी डूलनला सांगते, आजपासून...”

“राहू दे म्हटलं ना.”

सेकोंदोला चिकिनने सांगितलं. तो धावत आला, यंत्र तसंच फडात सोडून. दोघं भाऊ कितीतरी महिन्यांनी एका खोलीत उभे होते. डेल्फिनाला वाटलं, आता ओरडतील, एकमेकांच्या अंगावर धावतील, आणि मग संपेल एकदाचं.

“दादा, मी तुझ्यासाठी केलं.”

“माहीत आहे.”

“मग बंद का करतोस?”

“माहीत आहे म्हणूनच.” एवाझिओच्या आवाजात राग नव्हता. “मी समजत होतो, लोक माझ्या हातचं खायला येतात म्हणून चाललंय. एकटा चिकिन येतो म्हणून का होईना, पण चाललंय. आता मला कळलं, काय चाललं होतं.”

“त्यात वाईट काय आहे? भाऊ भावासाठी करत नाही?”

“करतो. तू चांगलंच केलंस.”

“मग शिव्या दे मला!” सेकोंदो ओरडला. “काहीतरी बोल!”

“कशासाठी देऊ?”

तेव्हा डेल्फिना बोलली. ती म्हणाली, “या चुलीवर मीही उभी आहे. पीठ मी मळते. बंद करायची की चालवायची, हे मला कोणी विचारणार आहे का?” दोघांनी तिच्याकडे बघितलं. खरोखर ऐकलं. एवाझिओ म्हणाला, “विचारतो. तुला काय वाटतं?” आणि डेल्फिनाला सापडेना की काय सांगावं. चालवा म्हणावं तर कोणासाठी, कशावर? बंद करा म्हणावं तर तिचंही आयुष्य त्याच चार भिंतींत होतं. ती उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, “मला माहीत नाही.” सेकोंदोने फडाकडे बघितलं. त्याला जायचं होतं, कारखान्याचा भोंगा झाला होता.

एवाझिओला हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथे भोपळा उकडायचा, बटाटे उकडायचे, मीठ बेताचं. तो वेळेवर जायचा, वेळेवर यायचा. डेल्फिनाने विचारलं, कसं आहे तिथे, तर म्हणायचा, “आजारी माणसं तक्रार करत नाहीत.” घरी तो स्वयंपाक करेनासा झाला. डेल्फिना करायची आणि तो खायचा आणि चांगलं झालंय म्हणायचा. चिकिन पहिले काही रविवार सवयीने येऊन दाराशी थांबला. त्याला घरात बोलवलं तर म्हणाला, “नको, तुम्हाला कशाला त्रास.” पुढच्या पावसाळ्यात तो दक्षिणेला एका पुतण्याकडे गेला आणि त्याची काही खबर आली नाही.

सेकोंदो यंत्राबरोबर दूरच्या दुसऱ्या ऊसपट्ट्यात गेला. तिथे त्याने एका विधवेशी लग्न केलं. नाताळला मात्र तो न चुकता यायचा. तिथला नाताळ भर उन्हाळ्यातला, आंब्याचा मोसम असायचा, घामाच्या धारा लागलेल्या. एवाझिओ त्याला स्टेशनवर घ्यायला जायचा, त्याची पिशवी उचलायचा, रस्ते कसे आहेत, पाऊस किती झाला, बायकोची तब्येत कशी आहे, सगळं विचारायचा. दोघं व्हरांड्यात बसून आंबे कापायचे. पाहुण्याशी वागावं तसं एकमेकांशी वागायचे. सेकोंदो एखादा जुना विनोद काढायचा आणि एवाझिओ हसायचा, जेवढं हसायला हवं तेवढंच. डेल्फिना आत उभी राहून ऐकायची. कधी तिला वाटायचं, बाहेर जाऊन दोघांच्या मधे एखादी बशी आपटावी.

एकदा ती सेकोंदोला गाडीवर सोडायला गेली. एवाझिओची कामाची पाळी होती. फलाटावर ऊन तापलं होतं. सेकोंदोने टोपीने वारा घेत विचारलं, “वहिनी, दादा अजून माझ्यावर रागावलाय का?”

“नाही रे.”

“खरं सांग.”

“राग नाही. राग असता तर मी काहीतरी केलं असतं. तुमची समजूत घातली असती, एकाला ओरडले असते, दुसऱ्याला धरून आणलं असतं. आता मी कोणाला काय सांगू?”

गाडी आली. सेकोंदोने त्यांच्या गावच्या रीतीने तिच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले आणि चढला. ती चालत घरी आली. संध्याकाळी एवाझिओ आला, बूट काढले आणि विचारलं, “गेला का?”

“गेला.”

“गाडी वेळेवर होती?”

“होती.”

“बरं झालं,” एवाझिओ म्हणाला आणि हात धुवायला गेला. डेल्फिनाने ताटं मांडली.